सुनंदाचं पहिलं विमान

रविवारी दुपारी जेवणं उरकली तसे अण्णा रिमोट घेऊन दिवाणावर बसले आणि त्यांनी आत हाक मारली, "ये गो, बस जरा. चांगलो पिच्चर लावतंय."

भांडी घासणारे सुनंदाचे हात थांबले. लग्नाला चाळीस वर्षं होत आली होती, पण अण्णांनी तिला सिनेमा बघायला कधी बोलावलं नव्हतं. त्यांचे ते मारामारीचे सिनेमे ते एकटेच बघायचे आणि ती आत भाकऱ्या थापता थापता गोळीबार ऐकायची. हात पुसत ती बाहेर आली. पडद्यावर एक विमान ढगांतून चाललं होतं आणि आत चार माणसं पिस्तुलं काढून उभी होती.

"हा कसला सिनेमा?"

"विमानाचो," अण्णा तिच्याकडे न बघता म्हणाले. "अपहरण होता."

सुनंदा सगळं समजली. पदराला हात कोरडे केले आणि ती खुर्ची ओढून अगदी टीव्हीसमोर बसली.

येत्या बुधवारी सकाळी ती विमानाने गुवाहाटीला जाणार होती. आयुष्यात पहिल्यांदा, आणि एकटी. मुलगी निधी तिथे बँकेत होती, बदली होऊन वर्ष झालं होतं. तिला आठवा महिना लागला होता आणि पाय सुजायला लागले होते. जावई हर्षद जहाजावर इंजिनियर. त्याचं जहाज ब्राझीलच्या वाटेवर होतं आणि मधल्या मध्ये उतरण्याची सोय नव्हती. निधीच्या सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन नुकतंच झालेलं. डॉक्टरांनी निधीला पडून राहायला सांगितलं होतं, आणि तिथे तिला पाण्याचा तांब्या द्यायलाही घरचं माणूस नव्हतं. सिद्धेशने, म्हणजे मुलाने, आईला न विचारताच तिकीट काढलं आणि मोबाइलवर दाखवलं. "आई, टेन्शन नको घेऊ ना. बसायचं आणि उतरायचं."

अण्णांनी त्या दिवसापासून तोंड फुगवलं होतं. आधी म्हणाले, ट्रेनने जा. ट्रेनला तीन दिवस लागतात म्हटल्यावर म्हणाले, मग निधीलाच इकडे आणा. आठव्या महिन्यात, सुजलेल्या पायांनी तिला कशी आणायची हे त्यांनाही माहीत नव्हतं. बोलून काही होत नाही असं दिसल्यावर त्यांनी आज हा सिनेमा लावला होता.

खरं तर विमानं या घराला नवी नव्हती. घाटकोपर पश्चिमेला, असल्फ्याच्या टेकडीवर त्यांची खोली. उतरणारी विमानं डोक्यावरून इतकी खालून जायची की चाकं मोजता यावीत. विमान आलं की वस्तीतली माणसं बोलता बोलता वाक्य अर्ध्यावर सोडायची आणि ते गेलं की तिथूनच पुढे बोलायला लागायची. अण्णांनाही सवय होती. आवाज जवळ आला की ते सिनेमा थांबवायचे, मग पुन्हा सुरू करायचे. त्यामुळे त्या दुपारी पडद्यावरचे अपहरणकर्ते पिस्तूल रोखून, तोंड उघडं ठेवून मधेच गोठत होते, वरून खरंखुरं विमान निघून जात होतं, आणि मग ते पुन्हा ओरडायला लागत होते.

सिनेमात एक म्हातारी होती. गोळीचा आवाज झाला तशी तिने छातीला हात लावला आणि मान टाकली.

"बघलंस?" अण्णा लगेच म्हणाले. "हार्टची पेशंट होती ती."

"तिच्या गोळ्या वरच्या फळीवर ठेवलेल्या पिशवीत होत्या," सुनंदा म्हणाली. "मघाशी दाखवलं ना. मी माझ्या बीपीच्या गोळ्या रुमालात बांधून कमरेला खोचीन."

अण्णांनी आवाज वाढवला. विमान हेलकावे खायला लागलं, वरून पिवळे मास्क लोंबले, माणसं किंचाळली.

"तो मास्क आपणच तोंडाला लावायचा की कोणी येऊन लावतं?"

"माका काय म्हायत?"

"थांबवा जरा. मागे घ्या. त्या बाईने कसा लावला ते बघू दे."

अण्णांनी नाइलाजाने मागे घेतलं. सुनंदाने वाकून नीट बघून घेतलं. रबर डोक्याच्या मागून. मग म्हणाली, "हं, चालू द्या."

पुढे तिचं लक्ष नायकाकडे नव्हतंच. ती बसलेल्या माणसांकडे बघत होती. कोणी डोळे मिटून पुटपुटत होतं, कोणी पोराचं तोंड दाबून धरलं होतं. "अहो, ते चौघेच आहेत," ती म्हणाली. "आणि ही एवढी माणसं. एक उठला तर दुसरा उठेल. पण पहिला कोणीच उठत नाही."

"पयलो उठतलो तो मरतलो," अण्णा म्हणाले.

नायक विमानाच्या उघड्या दाराला लोंबकळायला लागला तेव्हा अण्णा अचानक उठले. "पाणी पिऊन येतंय," म्हणून गेले ते परत आलेच नाहीत. सुनंदा मात्र शेवटपर्यंत बसली. अर्धा सोडला तर तो अर्धाच डोक्यात राहील, हे तिला माहीत होतं. विमान उतरलं, माणसं एकमेकांच्या गळ्यात पडली, नावं यायला लागली, तेव्हा तिने टीव्ही बंद केला आणि ती बाहेर गेली.

अण्णा पायऱ्यांच्या कठड्याला टेकून उभे होते. पाण्याचा ग्लास तसाच भरलेला हातात.

"उतरलं विमान," ती म्हणाली. "शेवट नाही बघितलात."

"सिनेमात उतरताच."

"इतकी वर्षं खालून त्यांची पोटंच बघतेय मी. आता एकदा आतून बघू दे."

वरून एक विमान आलं आणि गेलं. मग अण्णा ग्लासाकडे बघत म्हणाले, "तुका काय झाला तर?"

"मला काय होतंय?"

"मगे माका काय झाला तर?"

मागच्या वर्षी अण्णांच्या छातीत दुखायला लागलं तेव्हा तिनेच त्यांना टेकडीवरून खाली उतरवून रिक्षात घातलं होतं. छातीत स्प्रिंग, म्हणजे स्टेंट, बसवली, सगळं ठीक झालं. त्यानंतर ते रात्री झोपेत तिच्या पदराचं टोक मुठीत धरून ठेवत. सकाळी ती हळूच सोडवून घ्यायची. यावर दोघांत कधी बोलणं झालं नव्हतं.

ती त्यांच्या शेजारी पायरीवर बसली. "इथे सिद्धेश आहे," ती म्हणाली. "शेजारी कमल आहे, तिला चावी देऊन ठेवीन. हाक मारलीत तर दहा माणसं धावत येतील. तिथे निधीने हाक मारली तर कोण येईल?"

अण्णांनी ग्लासातलं पाणी पायरीखाली ओतून टाकलं.

"तुमचं ऐकून माझं मन हललं नाही असं नाही. हललं. पण मी जाणार."

"मी जाव नको म्हणतंय काय?" असं काहीतरी पुटपुटत ते आत गेले आणि दिवाणावर भिंतीकडे तोंड करून पडले.

सोमवारी संध्याकाळी निधीचा फोन आला. तिचा आवाज बारीक झाला होता. ब्लडप्रेशर खाली येत नव्हतं. तिला हॉस्पिटलमध्ये ठेवून घेतलं होतं आणि डॉक्टर म्हणत होते, फार थांबता येणार नाही, बुधवारी दुपारी ऑपरेशन करून बाळ काढू.

"आई, तू पोचशील ना तोवर?"

"पोचते," सुनंदा म्हणाली. फोन ठेवल्यावर तिला घाम फुटला. पण निधीला शब्द दिला होता.

बुधवारी उजाडायच्या सुमाराला सिद्धेशने रिक्षा आणली. अण्णांनी बॅग उचलून खालपर्यंत आणली, रिक्षात ठेवली, पट्टा ओढून बघितला. रिक्षा वळली तेव्हा सुनंदाने मागे पाहिलं. ते लुंगीवर, हात मागे बांधून रस्त्याच्या मधोमध उभे होते आणि एक टेम्पोवाला त्यांना हॉर्न देत होता.

विमानतळ म्हणजे साकीनाक्याच्या पलीकडे. घरापासून इतका जवळ, पण तिने आत पाऊल कधी ठेवलं नव्हतं. सिद्धेशला दारातच थांबवलं. पुढचं सगळं तिने विचारत विचारत केलं. लाज वाटू द्यायची नाही असं तिने ठरवूनच ठेवलं होतं. तपासणीच्या बाईने तिच्या पिशवीतून सुक्या खोबऱ्याच्या वाट्या बाहेर काढल्या.

"मावशी, हे नाही नेता येणार. तेल असतं ना यात, पेटतं."

"आणि लाडू?"

"लाडू न्या."

विमानात तिची जागा पुढच्या बाजूला, मधल्या वाटेच्या कडेची होती. कमरेला खोचलेल्या गोळ्या चाचपून तिने पट्टा लावला. विमान जमिनीवरून सुटलं तेव्हा तिने दोन्ही हातांनी खुर्ची घट्ट धरली. असल्फा दिसेल म्हणून खिडकीकडे मान लांब केली, पण विमान समुद्राकडे निघालं होतं. खाली नुसतं पाणी होतं आणि त्यावर ऊन. थोड्या वेळाने तिच्या लक्षात आलं की आपल्याला भीती वाटत नाहीये. किंवा वाटतेय, पण तिच्यासकट बसता येतंय.

दोन तास असेच गेले. मग कॅप्टनचा आवाज आला, पुढे हवा खराब आहे, पट्टे बांधून ठेवा. खिडक्यांबाहेर सगळं राखाडी झालं आणि विमान खडबडीत रस्त्यावरच्या एसटीसारखं हादरायला लागलं. एकदा ते इतकं खाली आदळलं की मागे कुणाचा तरी चहा छताला उडाला. लहान मुलं रडायला लागली.

वाटेच्या पलीकडे, तिच्याच ओळीत, एक धिप्पाड माणूस बसला होता. चाळिशीचा, इस्त्रीचा शर्ट, गळ्यात कंपनीचं ओळखपत्र. सगळा प्रवास तो लॅपटॉपवर काम करत आला होता. आता लॅपटॉप मिटलेला होता आणि तो समोर बघत तोंडाने श्वास घेत होता. सुनंदाचं त्याच्याकडे लक्ष गेलं ते त्याच्या हातांमुळे. तो गळ्यातली ती पट्टी बोटाला गुंडाळत होता, सोडत होता, पुन्हा गुंडाळत होता.

विमान आणखी एकदा खाली गेलं. त्या माणसाने पट्टा काढला आणि तो उठला.

"सर, प्लीज बसून घ्या," पुढच्या छोट्या खुर्चीवर पट्टा बांधून बसलेली एअर होस्टेस ओरडली. तो थांबला नाही. दोन्ही बाजूंच्या खुर्च्यांना धडकत तो पुढे गेला आणि त्याने थेट विमानाच्या दाराचं हँडल धरलं.

"खोलो!" तो ओरडला. "मुझे उतरना है! खोलो इसको!"

ती पोरगी पट्टा काढून उठली, दार आणि तो यांच्या मधे शिरली. बारीकशी होती. त्याने हाताने तिला बाजूला सारलं तशी ती भिंतीवर आपटली आणि तिच्या कपाळातून रक्त आलं. दुसरी एअर होस्टेस पार मागच्या टोकाला होती. विमानात एकच आरडाओरडा झाला. पकडा, पकडा, सगळे म्हणत होते. कितीतरी मोबाइल वर झाले. उठलं कोणीच नाही.

सुनंदाने पट्टा काढला. कसा काढला, कधी काढला, हे तिला नंतर आठवेना. खुर्च्यांच्या पाठी धरत ती पुढे गेली आणि त्या माणसाला मागून पकडलं. शर्ट हातातून निसटला. मग तिने दोन्ही हात त्याच्या कमरेच्या पट्ट्यात घातले आणि ओढलं. तो हललासुद्धा नाही. तिच्या दुप्पट होता तो.

ती सरळ खाली बसली. पाय पुढे पसरून, सगळं अंग सोडून, विमानाच्या जमिनीवर. पट्टा मात्र सोडला नाही.

तेवढ्यात विमान पुन्हा हादरलं. त्या माणसाचा तोल गेला आणि तो मागच्या मागे तिच्या अंगावर कोसळला. तिचा उजवा हात खाली दुमडला गेला, मनगटातून कळ थेट खांद्यात गेली. ती ओरडली, "अरे, उठा की कोणीतरी! बघताय काय!"

आता उठले. पहिल्या ओळीतले दोघे, मग आणखी एक. त्यांनी त्याचे पाय धरले, हात धरले. त्याची पाठ अजून सुनंदाच्या छातीवर होती. त्या पाठीतून तिला त्याचं काळीज धडधडताना जाणवत होतं, इतक्या जोराने की तिला अण्णांची आठवण आली. हाताखाली त्यांची छाती अशीच धडधडत होती, रिक्षात.

"मारू नका," ती म्हणाली. कारण एकाने मूठ उगारली होती. "घाबरलाय तो. मारू नका त्याला."

मग ती त्याच्या कानाशी बोलायला लागली, तिला येत होतं त्या हिंदीत. "कुछ नहीं होता. मैं है ना इधर. मेरा हात पकडो. दरवाजा नहीं खुलता ऐसा. आता है गुवाहाटी, अभी आता है."

तो थरथरत होता. हळूहळू त्याचं अंग सैल पडलं. मग तो रडायला लागला, मोठ्याने, हुंदके देत, आणि विमानातला आरडाओरडा थांबला.

त्यांनी त्याला पहिल्या ओळीत, मधल्या खुर्चीत बसवलं. तो सुनंदाचा हात सोडेना म्हणून तिलाही शेजारीच बसवलं. ती पोरगी कपाळाला रुमाल दाबून सगळ्यांचे पट्टे तपासत फिरली. विमान उतरता उतरता तो माणूस सुनंदाला म्हणाला, मराठीतच, कारण तो निघाला ठाण्याचा, "काकू, मी महिन्यातून दोनदा विमानाने येतो. आजवर असं कधी झालं नाही. मला वाटलं मी मरतोय."

"नाही मेलात ना?" सुनंदा म्हणाली. "मग झालं. डॉक्टरला दाखवा एकदा."

विमान टेकलं तसे पोलीस आत आले. त्यांनी त्या माणसाला घेतलं आणि सुनंदालाही थांबायला सांगितलं. जबाब लागेल, थोडा वेळ लागेल.

"माझ्या मुलीचं ऑपरेशन आहे आज दुपारी," ती म्हणाली. "माझं नाव लिहा, फोन लिहा, हॉस्पिटलचं नाव लिहा. तिथे या आणि हवं ते विचारा. मी आत्ता थांबणार नाही." आणि बॅग डाव्या हातात घेऊन ती चालायलाच लागली. त्यातल्या अधिकाऱ्याने तिच्या सुजलेल्या मनगटाकडे बघितलं, चेहऱ्याकडे बघितलं आणि एका शिपाई बाईला तिच्याबरोबर टॅक्सीपर्यंत पाठवलं.

ती हॉस्पिटलमध्ये पोचली तेव्हा निधीला ऑपरेशनसाठी हिरवा गाऊन घालून बाहेर आणलेलं होतं. आईला बघितल्यावर तिचा चेहराच बदलला. "आई, कसा झाला प्रवास?"

"छान. लाडू आणलेत. नर्सला विचारून बघ, चालतात का."

"हात कशाला असा धरलायस?"

"बॅग जड होती. तू जा. मी इथेच बसलेय."

मुलगी झाली. दिवस भरायच्या आत आलेली, मुठीएवढ्या तोंडाची. तिला काचेच्या पेटीत ठेवलं. सुनंदाने काचेतून तिला डोळे भरून पाहिलं, निधी शुद्धीवर येईपर्यंत तिच्या उशाशी बसली, आणि मगच नर्सला मनगट दाखवलं. हाडाला चीर गेली होती. प्लास्टर घातलं.

तोवर घाटकोपरला तिचा व्हिडिओ पोचला होता. कोणीतरी विमानातून उतरल्या उतरल्या तो पाठवला, तो फिरत फिरत सिद्धेशच्या ऑफिसातल्या कोणाच्या तरी मोबाइलवर आला. फुलाफुलांची साडी नेसलेली एक बाई एका माणसाच्या पट्ट्याला लोंबकळतेय. चेहरा नीट दिसत नव्हता, पण ती साडी सिद्धेशनेच दिवाळीला आणली होती. तो अर्ध्या दिवसाची रजा टाकून घरी आला.

संध्याकाळी अण्णांचा फोन आला. बाळाची बातमी त्यांना कळली होती, पण त्यांनी सुरुवातच ओरडून केली. "तुका काय गरज होती? विमानात काय बाप्ये नव्हते?"

"होते. उठत नव्हते."

"म्हणान तू उठलंस? त्याना काय केला असता तर? दार उघडला असता तर?"

"नसतं उघडलं. हवेत नाही उघडत ते, नंतर त्या पोरीने सांगितलं मला."

"नंतर! नंतर सांगल्यान!" अण्णांचा आवाज फुटला. मागे विमानाचा आवाज आला, तो जाईपर्यंत दोघं थांबली. मग ते अगदी हळू म्हणाले, "लागला काय गो?"

"मनगटाला. प्लास्टर आहे. अहो, पोरगी तुमच्यावर गेलीय. कपाळ तसंच आहे."

त्यावर फोन सिद्धेशकडे गेला.

शुक्रवारी दुपारी सुनंदा हॉस्पिटलच्या व्हरांड्यात डाव्या हाताने पेज ढवळत होती. समोरून सिद्धेश येताना दिसला आणि त्याच्या मागे अण्णा. इस्त्रीची पँट, नवा शर्ट, दोन्ही कानांत कापूस. चेहरा पांढरा पडला होता. तिने पेजेची वाटी खाली ठेवली. तीन दिवसांची ट्रेन दोन दिवसांत येत नाही, म्हणजे ते विमानाने आले होते. काही विचारायची गरज नव्हती.

"मी फक्त सोडायला आलोय," सिद्धेश म्हणाला. "उद्या रिटर्न. अण्णा राहतायत."

अण्णांनी कानातला कापूस काढला. "आवाजच नाय येत आत," ते तक्रार केल्यासारखं म्हणाले. "बाहेरून केवढो येता!" मग तिच्या प्लास्टरकडे बघत राहिले. हात पुढे केला, मागे घेतला, पुन्हा पुढे करून फक्त तिच्या बोटांना स्पर्श केला.

तेवढ्यात नर्स बाहेर आली. बाळाचं वजन कमी होतं, अंग गार पडत होतं. तिला दिवसातून काही तास माणसाच्या उघड्या छातीशी धरायला हवं होतं, अंगाला अंग लावून. निधीला ताप होता. "आजी, तुमचा हात तर बांधलेला," नर्स हिंदीत म्हणाली आणि तिने अण्णांकडे बघितलं. "तुम्ही आजोबा ना?"

अण्णा एक पाऊल मागे सरले. "माका नाय जमाचा. माझ्या छातीत स्प्रिंग हा."

"स्प्रिंग आत आहे," सुनंदा म्हणाली. "पोरीला बाहेर ठेवायचंय. चला, हात धुवा."

त्यांना आत नेलं. साबणाने कोपरापर्यंत हात धुवायला लावले, शर्ट काढायला लावला, आरामखुर्चीत मागे रेलून बसवलं. नर्सने टोपी घातलेलं ते एवढंसं बाळ आणून त्यांच्या छातीवर, पांढऱ्या केसांत, पालथं ठेवलं आणि वरून कापडाने बांधून टाकलं. अण्णांनी श्वास रोखून धरला.

"श्वास घ्या," सुनंदा काचेपलीकडून खुणेने म्हणाली.

त्यांनी घेतला. बाळ त्या श्वासाबरोबर वर गेलं आणि खाली आलं. त्यांनी पुन्हा घेतला. मग एक हात हळूहळू वर आणून तिच्या पाठीवर ठेवला. हाताने तिची सगळी पाठ झाकली गेली.

तासाभराने नर्स बाळ घ्यायला आली तर अण्णांनी मान हलवली. त्यांचा पाय केव्हाच बधिर झाला होता, पण ते जागचे हलले नव्हते. "ऱ्हवांदे आजून," ते म्हणाले. नर्सला मालवणी कळली नाही, पण ती परत गेली.